कडक शिस्त सगळ्याच संस्कृतींत मुलांना बिघडवते का? पालकगटात नेमकं काय सांगावं?

प्रश्न: पालकगट_सुमेधा

चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आठ बैठकांचा गट आखतेय. कुटुंबं वेगवेगळ्या देशांतून स्थलांतरित झालेली आहेत आणि तक्रारी नेहमीच्याच: मारणं, वस्तू फेकणं, ऐकायचंच नाही, सार्वजनिक ठिकाणी लोळण घेणं.

हातातल्या साहित्यात पालकत्वाच्या शैलींची तीच चार चौकटींची आकृती आहे. एका अक्षावर माया, दुसऱ्यावर अपेक्षा आणि बंधनं. दोन्ही भरपूर असली तर ऑथॉरिटेटिव्ह शैली, तिला इथे ठाम-मायाळू म्हणूया. बंधनं भरपूर पण माया आखडती, ती करडी. माया आहे पण बंधनं नाहीत, ती सैल. दोन्ही नाहीत, ती दुर्लक्षाची. निष्कर्षही छापलेलाच असतो: पहिली उत्तम, बाकीच्या वाईट. काही पालक स्पष्ट सांगतात की आमच्याकडे कडक राहणं हीच माया असते.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही आकृती सगळीकडे लागू पडते का? दुसरं, गटाआधी आणि गटानंतर एसडीक्यू (मुलाच्या अडचणी आणि चांगल्या बाजू मोजणारी) प्रश्नावली भरून घेणार आहे. तिचे कट-ऑफ, म्हणजे किती गुणांपासून अडचण मानायची त्या सीमा, सगळ्या कुटुंबांना एकच धरायचे का? आई आणि शिक्षिका एकाच मुलाला अगदी वेगळे गुण देतात, त्याचं काय करायचं? तिसरं, ‘दुर्लक्ष करा’, ‘टाइम-आउट द्या’ (मुलाला थोडा वेळ बाजूला शांत बसवा) म्हटलं की काही पालक माना डोलावतात आणि घरी काहीच करत नाहीत. या तंत्रांत काय बदललं तर चालेल आणि काय बदलायचं नाही?

‘प्रेमाने समजवा’ छापाची उत्तरं कृपया नकोत.

प्रतिसाद १: संदर्भशोध

आकृती फेकून देऊ नका, पण ती आली कुठून हे तुम्हाला माहीत असू दे. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत बालवाडीच्या वयाची मुलं अभ्यासली. बहुतेक मुलं गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतली होती. त्यांच्या शैली तीनच होत्या. दोन अक्ष आणि चौथी चौकट मॅकोबी आणि मार्टिन यांनी १९८३ मध्ये जोडली.

तुमच्या पालकांच्या आक्षेपाला पहिलं नेमकं रूप दिलं रूथ चाओ यांनी, १९९४ मध्ये. चिनी स्थलांतरित मातांना करडेपणाचे गुण जास्त मिळत आणि मुलं तर अभ्यासात पुढे असत. चाओ यांचं म्हणणं असं की या घरांत नियंत्रणासोबत आईची जवळीक, रोजचे कष्ट आणि वळण लावायची धडपड असते. प्रश्नावली फक्त नियंत्रण मोजते आणि त्याला थंडपणा चिकटवून टाकते.

इथून पुष्कळ जण भलतीकडे उडी मारतात: म्हणजे काही संस्कृतींत कडकपणा निरुपद्रवी असतो. तसं नाही. पिंक्वार्ट आणि काउझर यांनी २०१८ मध्ये जगभरातले ४२८ अभ्यास एकत्र मांडले. प्रदेशाप्रमाणे संबंधांची ताकद कमी-जास्त होते, पण ठाम-मायाळू शैलीची निदान एका तरी चांगल्या परिणामाशी आणि करड्या शैलीची निदान एका तरी वाईट परिणामाशी सांगड सगळ्याच प्रदेशांत आढळली. दिशा उलटत नाही.

मारण्याबद्दल लान्सफर्ड आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास वाचाच. चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड या सहा देशांतल्या ३३६ माता आणि त्यांची मुलं त्यात होती. जिथे मारणं सर्रास चालतं असं लोकांना वाटतं, तिथे मार आणि मुलाची आक्रमकता किंवा चिंता यांचा संबंध सौम्य निघाला. सौम्य निघाला, नाहीसा झाला नाही. जास्त मार खाणारी मुलं तिथेही जास्त आक्रमक आणि जास्त चिंताग्रस्त होती.

माझ्या मते स्थलांतरित कुटुंबांची खरी अडचण इथेच आहे. ‘सगळ्यांनाच मार मिळतो’ ही समजूत मुलाला थोडंफार सांभाळून घेत असावी. नव्या देशात वर्गातल्या मित्रांना घरी मार बसत नाही हे कळलं की तीच चापट ‘मी नकोसा आहे’ म्हणून वाचली जाते. आई-बापांची तुलना जुन्या गावाशी चालू असते आणि मुलाची शेजारच्या बाकाशी.

गटासाठी सूचना: ‘तुम्ही कडक आहात का’ असं विचारूच नका, त्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. पहिली म्हणजे नियम आणि देखरेख. मूल कुठे आहे, कोणाबरोबर आहे, झोपायची वेळ काय. ही बहुतेक ठिकाणी फायद्याचीच. दुसरी म्हणजे कठोरपणा: ओरडणं, मारणं, चारचौघांत अपमान. तिसरी, जिच्याकडे पालकांचं सगळ्यात कमी लक्ष असतं, मानसिक नियंत्रण. दिवसभर अबोला, ‘तुझ्यामुळे माझी तब्येत बिघडली’, ‘असं वागलास तर तू माझा मुलगा नाहीस’. ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये हे वर्तनावरच्या नियंत्रणापासून वेगळं काढून दाखवलं. यात ना आवाज चढतो ना हात उचलला जातो, म्हणून स्वतःला सौम्य समजणाऱ्या घरांतही ते असतं. तीन गोष्टींना तीन स्वतंत्र प्रश्न विचारा.

आणि एक. हट्टी मूल पालकांकडून कडकपणा ओढून घेतं, हेही तितकंच खरं आहे. एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कोणामुळे कोण हे कळत नाही, आणि वर्षानुवर्षं माग ठेवणाऱ्या अभ्यासांत प्रभाव दोन्ही बाजूंनी दिसतो. कोणत्याही आईला ‘तुमच्या शैलीमुळे’ असं सांगायला पुरावा नाही.

प्रतिसाद २: अंकगणित_मनाचं

एसडीक्यूबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

२५ विधानं, पाच-पाचचे पाच गट: भावनिक त्रास, वर्तन, चंचलता, सवंगड्यांशी अडचणी आणि मदतशील वागणं. प्रत्येकाला ०, १ किंवा २. एकूण अडचणींच्या बेरजेत पहिले चारच गट धरायचे, म्हणजे कमाल ४०. मदतशील वागण्याचे गुण त्यात मिसळायचे नाहीत, हाताने बेरीज करणारे हे हमखास करतात. दुसरी ठरलेली चूक म्हणजे ७, ११, १४, २१ आणि २५ ही विधानं उलटी मोजायची राहून जातात. कारण ती चांगल्या वागण्याबद्दलची आहेत: सहसा ऐकतं, एक तरी जवळचा मित्र आहे, इतर मुलांना आवडतं, विचार करून वागतं, हातातलं काम पूर्ण करतं.

पालकांच्या प्रतीसाठी मूळचे कट-ऑफ ०–१३ सामान्य, १४–१६ सीमारेषेवर, १७ आणि वर जास्त. शिक्षकांच्या प्रतीसाठी ०–११, १२–१५, १६ आणि वर. हे ब्रिटनमधल्या मुलांवर बेतलेले आहेत. सात देशांची तुलना झाली तेव्हा एसडीक्यूनुसार जास्त गुणांच्या मुलांचं प्रमाण आणि निदानानुसार आजार असलेल्यांचं प्रमाण यांचा देशागणिक मेळ बसला नाही. म्हणून वेगवेगळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांची एकमेकांशी तुलना करू नका. त्याच मुलाची, त्याच व्यक्तीने भरलेली, आधीची आणि नंतरची प्रत ताडून बघा. आधी वडिलांनी आणि नंतर आजीने भरली तर ती जोडी बाद.

मेळ का बसत नाही, ते जॉन वाइझ आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या कामात फार सुंदर दिसतं. थायलंड आणि अमेरिका, दोन्हीकडच्या शाळकरी मुलांबद्दल शिक्षकांना विचारलं. थाई शिक्षकांनी जास्त समस्या नोंदवल्या. मग प्रशिक्षित निरीक्षक वर्गात बसवले. त्यांच्या नोंदींत समस्या-वर्तन अमेरिकी मुलांमध्ये दुपटीच्या आसपास होतं. शांत वर्गाची सवय असलेल्या शिक्षकाला जरा चुळबुळही खुपते. गुण मुलाचे असतात तसे भरणाऱ्याच्या सहनशक्तीचेही असतात.

आई आणि शिक्षिका यांचं जुळत नाही, याची फार काळजी करू नका. आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये असे अभ्यास एकत्र केले. एकाच भूमिकेतल्या दोघांमध्ये, म्हणजे आई-वडील किंवा दोन शिक्षक, सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच नाही) ०.६० च्या आसपास. पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांमध्ये ०.२८. म्हणजे न जुळणं हीच सर्वसाधारण स्थिती. मूल घरी लोळण घेतं आणि वर्गात घेत नाही, ही उपयोगाची माहिती आहे: वर्गात असं काय आहे जे घरी नाही?

एसडीक्यूची परिणाम-पुरवणी नक्की जोडा. त्रास किती दिवसांपासून आहे, मुलाला स्वतःला किती होतो, घर, मित्र, शिकणं आणि फावला वेळ यांत किती आड येतो, हे त्यात विचारतात. २५ विधानांचे गुण जास्त पण आड काहीच येत नाही असं मूल आणि गुण मध्यम पण शाळेत एकही मित्र टिकत नाही असं मूल, यांतलं दुसरं आधी बघायला हवं.

प्रतिसाद ३: दुसरीबाजू

सैल शैलीला आकृतीत उगाच बदनाम केलंय. गार्सिया आणि ग्रासिया यांच्या २००९ च्या स्पेनमधल्या कामात सैल घरांतली मुलं ठाम-मायाळू घरांतल्या मुलांइतकीच चांगली, काही बाबतींत सरस निघाली. तेव्हा ‘पहिली उत्तम’ हेही सगळीकडे खरं नाही.

प्रतिसाद ४: संदर्भशोध

@दुसरीबाजू, बरोबर, पण ती किशोरवयीन मुलं होती. चौदा वर्षांच्या मुलाला माया पुरेशी असेल आणि बंधनांनी फारशी भर पडत नसेल. पाच वर्षांचं मूल रस्त्यावर हात सोडून पळतं तेव्हा बंधन लागतंच. तुमच्या उदाहरणातून मला दिसतं ते इतकंच की दोन अक्षांपैकी मायेचा अक्ष बहुतेक सगळीकडे टिकतो आणि बंधनांचा अक्ष वय आणि परिसर यांप्रमाणे हलतो.

प्रतिसाद ५: वर्तनवही

तिसऱ्या प्रश्नावर. शैलीवर वाद घालण्यात बैठक घालवू नका, घटनांची साखळी बघा.

आई दुसऱ्या खोलीतून म्हणते, ‘पसारा आवरशील का?’ मूल म्हणतं, ‘थांब.’ दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आवाज चढतो. मूल खेळण्यांच्या डब्याला लाथ घालतं आणि किंचाळतं. आई म्हणते, ‘जाऊ दे, मीच आवरते.’ किंचाळणं थांबतं. यातून मूल शिकलं की लाथ घातली की काम टळतं. आई शिकली की माघार घेतली की शांतता मिळते. दुसऱ्या दिवशी आई सुरुवातच ओरडण्याने करते, मूल दचकून आवरतं, आणि ओरडण्याचंही बक्षीस आईला मिळून जातं. जेराल्ड पॅटरसन यांनी १९८२ मध्ये मांडलेलं जबरदस्तीचं चक्र ते हेच. करड्या घरात ते ओरडण्यापाशी संपतं, सैल घरात माघारीपाशी, आणि कित्येक घरांत आळीपाळीने दोन्हीकडे.

पहिल्या बैठकीनंतर पालकांना एकच वर्तन निवडायला सांगा आणि आठवडाभर तीन रकान्यांत नोंद: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय घडलं. ‘उद्धटपणा’ ही नोंद नव्हे. ‘बहिणीच्या दंडावर मुठीने मारलं’ ही नोंद. तिसऱ्या रकान्यात तेच ते दिसू लागतं. लक्ष मिळालं, हवी ती वस्तू मिळाली, किंवा नको ते काम टळलं. शेवटचा प्रकार ओळखणं फार महत्त्वाचं. काम टाळायला आरडाओरडा करणाऱ्या मुलाला टाइम-आउट म्हणजे बक्षीसच. तिथे शांत झाल्यावर तेच काम, लहान करून का होईना, पूर्ण करून घ्यायचं.

क्रम चुकवू नका. पहिल्या दोन-तीन बैठका रोज दहा मिनिटांचा खेळ आणि नाव घेऊन कौतुक. खेळात पुढाकार मुलाचा, सूचना नाहीत, परीक्षा घेणारे प्रश्न नाहीत (‘हा कुठला रंग?’ हा सगळ्यांना मोह होतो). मग सूचना कशी द्यायची ते. मग दुर्लक्ष. परिणाम (न ऐकल्यास काय होईल ते) आणि टाइम-आउट पाचव्या-सहाव्या बैठकीत. बरेच जण टाइम-आउटपासून सुरुवात करतात आणि ते फसतं, कारण चांगला वेळ मिळतच नसेल तर त्यातून बाहेर काढण्याला काही अर्थ राहत नाही.

सूचना: हाताच्या अंतरावर जा, नाव घ्या, एका वेळी एकच काम, प्रश्न नको, विधान करा. ‘गाड्या डब्यात ठेव.’ मनात पाचपर्यंत मोजा आणि तोवर तोंड बंद. केलं तर लगेच सांगा काय केलं ते. नाही केलं तर एकदाच, परिणामासकट: ‘गाड्या डब्यात ठेवल्या नाहीस तर आज त्या वर ठेवीन.’ पुन्हा पाच. मग तसं करा, भाषण न देता. जे करणं शक्य नाही ते बोलायचंच नाही.

दुर्लक्ष फक्त कुरकुर, रुसणं, चिडवणं, लाडं लाडं बोलणं यांच्यासाठी. मारणं आणि धोक्याच्या गोष्टींसाठी कधीच नाही. सुरू केलं की वागणं आधी बिघडतं, ही ठरलेली पायरी आहे आणि ती आधीच सांगून ठेवली नाही तर पालक तिसऱ्या दिवशी सोडून देतात. वाईट म्हणजे, आरडाओरडा टिपेला पोचल्यावर हार मानली की मुलाला नवी पातळी कळते: एवढं ओरडावं लागतं. पाळता येणार नसेल तर दुर्लक्ष सुरूच करू नका, ते अर्ध्यावर सोडण्यापेक्षा बरं.

टाइम-आउट मारण्यासारख्या एक-दोन वागण्यांपुरता. या वयात तीन ते पाच मिनिटं पुरतात, जास्त लांबवून जास्त फायदा होत नाही. उठताना शेवटचे काही सेकंद शांत हवेत, नाहीतर किंचाळल्यावर सुटका होते हेच शिकवलं जातं. मधे बोलायचं नाही, समजवायचंही नाही. संपल्यावर माफीचं नाटक नको, पुढच्या पहिल्या चांगल्या वागण्याचं कौतुक करा.

आणि सगळ्याआधी ऐकू नीट येतंय ना, बोलणं वयाप्रमाणे आहे ना, झोप पुरते ना, हे विचारून घ्या. नव्या भाषेच्या शाळेतलं ‘न ऐकणारं’ मूल कित्येकदा न समजणारं मूल असतं.

पालकगट_सुमेधा

सगळ्यांचे आभार. नोंदवहीचे रकाने आजच छापते. दोन गोष्टी राहिल्या. कौतुक केल्याने मूल शेफारतं असं मानणारे पालक, आणि ज्या घरात आजी-आजोबा, काका असे चार मोठे आहेत तिथे काय? शिवाय मारतात हे गटात कुणी बोललंच तर?

प्रतिसाद ६: सीमेपलीकडे

आधी एक दिलासा. गार्डनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एका देशात तयार झालेले आणि दुसऱ्या देशांत नेलेले पालक-कार्यक्रम तपासले, वयोगट ३ ते १०. सांस्कृतिकदृष्ट्या दूरच्या ठिकाणीही परिणाम निदान तितकाच चांगला निघाला. तेव्हा गाभा बदलू नका: लगेच, नेमकं, दर वेळी तसंच. बाहेरचं रूप खुशाल बदला.

कौतुकाचं बघा. आक्षेप बहुतेक वेळा ‘शाब्बास, किती हुशार’ या प्रकाराला आणि चारचौघांत करण्याला असतो. त्याऐवजी हळू आवाजात, नुसतं घडलेलं सांगणं आणि त्याचा उपयोग: ‘सांगितल्याबरोबर बूट जागेवर ठेवलेस, माझं काम वाचलं.’ हे जवळपास कोणालाच खटकत नाही. मुलाच्या पुढाकाराने खेळणं काही मोठ्यांना पोरकट वाटतं. त्यांना दहा मिनिटं कपड्यांच्या घड्या घालू द्या, पण कोणती घडी आधी ते मूल ठरवेल. बोलताना मुलाने डोळ्यांत बघायलाच हवं असा आग्रह धरू नका, काही घरांत तो उद्धटपणा मानतात. टाइम-आउटमध्ये एकटं दुसऱ्या खोलीत पाठवणं जिथे फार जड वाटतं तिथे त्याच खोलीत बाजूला बसवा, मोठ्या माणसाने जवळच पण गप्प राहायचं. शांतता आणि वेळ पाळली तर काम होतं.

मार. पहिल्याच बैठकीत गोपनीयतेची मर्यादा सांगा: दुखापतीच्या खुणा असतील किंवा मुलाला धोका वाटला तर तुमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे कळवावं लागेल. नंतर कळलं तर गट फुटतो. त्यापुढे ‘मारू नका’वर वाद घालत बसू नका. नोंदवहीत बघा, चापट कधी पडते. बहुतेक घरांत तीच सूचना तिसऱ्या-चौथ्यांदा दिल्यावर. म्हणजे @वर्तनवही यांनी दिलेली सूचनेची पद्धत लागू झाली की चापटेपर्यंत पोचणारा रस्ताच आखूड होतो. कोणी पुरावा मागितलाच तर गेरशॉफ आणि ग्रोगन-केलर यांचा २०१६ चा आढावा आहे, ७५ अभ्यास, १,६०,९२७ मुलं, आणि तोही उघड्या हाताने मारलेल्या चापटांपुरता. तपासलेल्या १७ पैकी १३ बाबतींत संबंध ठळक निघाला आणि तो प्रत्येक वेळी वाईटाकडेच झुकलेला. आकडे मागितल्याशिवाय सांगू नका. आकडे ऐकून पालक गप्प बसतात आणि पुढच्या बैठकीला येत नाहीत.

चार मोठ्यांचं घर. चौघांपैकी एक जण पाच वेळांतून एकदा जरी हट्ट पुरवत असेल तरी तो हट्ट सगळ्यात चिवट होतो, नेहमी पुरवल्या जाणाऱ्या हट्टापेक्षाही. म्हणून आजी-आजोबांना निदान एका बैठकीला बोलवाच, आणि शैली बदलायला सांगू नका. घरातल्या सगळ्यांसाठी नियम एकच ठेवा: ज्याने सूचना दिली त्यानेच ती शेवटपर्यंत न्यायची, तेवढा वेळ बाकीचे गप्प. मतभेद मूल झोपल्यावर. आजीला लाड करायचेच असतील तर रोजचा दहा मिनिटांचा खेळ तिच्याकडे द्या, पण त्या वेळेआधी मुलाने काय केलं होतं याच्याशी तो जोडायचा नाही. तो बक्षीस नाही, रोज मिळणारच. काकांसारखे अधूनमधून येणारे असतील त्यांच्यासाठी निवडलेलं एक वर्तन आणि त्यावर काय करायचं हे दोन ओळींत लिहून द्या. दोन आठवडे तेवढंच, दुसरं वर्तन हातात घ्यायचं नाही.